फाटकातलं निळं पाणी

मी शाळेत होते तोवर माझ्या टाचांच्या भेगा निळसर असायच्या. वर्गातल्या मुली हसायच्या. "हिचे पाय बघा गं, शाईच्या दौतीत बुडवून आली," म्हणायच्या. ऐकून घेणाऱ्यांतली मी कधीच नव्हते, पण खरं कारण सांगितलं असतं तर त्या आणखी खिदळल्या असत्या, म्हणून शाई तर शाई, असं म्हणून सोडून द्यायचे. कारण होतं आमच्या मोसंबीच्या बागेचं फाटक. पाचोडहून पैठणकडे जाताना आमचं गाव लागायचं, आणि गावापासून थोडं चालत गेलं की ओढ्याच्या वरच्या अंगाला आमची बाग. तिला चौफेर चिल्हारीचं काटेरी कुंपण, त्याला एकच फाटक, आणि फाटकाच्या आतल्या बाजूला सिमेंटचा उथळ हौद, उडी मारून ओलांडता येऊ नये एवढा रुंद. त्या हौदात मोरचुदाचं निळं पाणी. बागेत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, दोन्ही पाय घोट्यापर्यंत त्या पाण्यात बुडवून जरा वेळ उभं राहायचं, मगच आत पाऊल टाकायचं. हा नियम अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि त्यातून ते स्वतःही सुटले नव्हते. उन्हाळ्यात टाचा फुटल्या की ते पाणी असं झोंबायचं की उभ्या उभ्या डोळे भरून यायचे. हौद घासायचा, पाणी बदलायचं, मोरचुदाचे खडे फडक्यात बांधून रात्रभर भिजत घालायचे, ही कामं माझ्याकडे होती, कारण माझी मोठी बहीण, आमची आक्का, त्या वासानं नाक मुरडायची.

बागेचं म्हणून एक वेगळंच घर असल्यासारखं होतं. तिची कुदळ वेगळी, खुरपी वेगळी, छाटणीची करवतसुद्धा तिची तिची, आणि ती फाटकाच्या आतल्या खोपटातून कधी बाहेर यायची नाही. सकाळी विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की त्याची टुकटुक गावातल्या आमच्या घरापर्यंत ऐकू यायची, आणि त्या आवाजावर आई भाकरी थापायची. आईला आम्ही बाई म्हणायचो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी एका चरवीत, असं सगळं घेऊन मी दुपारी बागेत जायचे. अण्णा आळ्यातलं पाणी वळवत असायचे. झाडाच्या बुंध्याला पाणी लागू नये म्हणून त्यांनी प्रत्येक झाडाभोवती दुहेरी आळं केलं होतं, आतल्या कड्यात कोरडी माती आणि बाहेरच्या कड्यात पाणी. जेवायला बसायच्या आधी ते एखाद्या झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवून घ्यायचे. आमच्या पाठीवरून त्यांचा हात फिरलेला मला आठवत नाही, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. बागेत त्यांचा जीव होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचं हे वेड आलं होतं त्यांच्या मामाच्या बागेतून. लहानपणी आईवेगळे झालेले अण्णा वैजापूरकडे मामाकडे वाढले, आणि मामाची मोसंबीची बाग त्यांच्या डोळ्यांदेखत मेली. आधी एका झाडाच्या बुंध्यातून डिंक ओघळला, मग साल तडकली, पानं पिवळी पडली, आणि बघता बघता सगळी बाग उभ्या उभ्या वाळली. डिंक्या रोग. तो मातीत राहतो, पाण्यातून वाहतो, चिखलातून पसरतो. मामा सगळ्यांचा होता, त्याच्या बागेत गावच्या गाव यायचं जायचं. अण्णा सांगायचे, "झाड चालत नाय. रोग बी चालत नाय. चालतो मानूस, आन त्याच्या पायाच्या चिखलावर बसून रोग फिरतो. एकदा आत आला की मग इलाज नाय. बंदोबस्त काय तो दारातच." हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलं आहे की आज लिहितानाही मला त्यांचा आवाज ऐकू येतो, जरा चिडका, जरा घाबरलेला.

पण गावात राहायचं आणि दारात माणसाला पाय धुवायला लावायचे, हे सोपं नव्हतं. आमच्याकडे सावडीची पद्धत होती. आज तुमच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या आमच्या, आणि अवजारं तर कुणाचीही कुणीही न्यायची. अण्णांनी बागेसाठी सावड तोडली. कुदळ द्यायची नाही, घ्यायची नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाला किसनतात्यांची बाग होती, अण्णांचे अगदी लंगोटीयार. ते एकदा मुलीच्या लग्नाच्या अक्षता घेऊन थेट बागेवर आले. अण्णांनी नमस्कार केला आणि हौदाकडे हात केला. तात्यांचा चेहरा उतरला. "आरं, आमच्या पायाला काय विटाळ हाय का?" एवढंच म्हणाले, अक्षता फाटकावर ठेवल्या आणि माघारी गेले. आम्ही लग्नाला गेलो, पण पंगतीत आम्हाला कुणी आग्रह केला नाही. पुढं संक्रांतीला बायका आमच्याकडे वाण लुटायला येताना उगीच उंबऱ्यात थबकून विचारायच्या, "पाय बुडवायचेत का?" आणि हसायच्या. बाईला ते फार लागायचं. तोडणीच्या वेळी माणसं मिळायची नाहीत, मग आम्ही चौघंच झाडाखाली.

मध्यंतरीच्या साथीत, मी आता राहते त्या संभाजीनगरात, आमच्या इमारतीच्या खाली पोरं हातांवर फवारायच्या औषधाची बाटली घेऊन उभी असायची आणि शिकलीसवरली माणसं त्यांच्यावर खेकसायची, "आम्ही काय रोगी आहोत का?" मी गॅलरीतून ऐकायचे. किसनतात्या निदान ओरडले नव्हते.

आक्काचं लग्न ठरलं ते पैठणच्या बाजूच्या एका मोठ्या बागायतदाराच्या घरात. माणसं चांगली, मुलगा शांत, घरात माणसांची वर्दळ. घर बघायला अण्णा आणि बाई गेले होते. परत आल्यावर अण्णा घरी न येता आधी फाटकावर गेले आणि हौदात पाय बुडवून उभे राहिले. मग त्यांनी धोतराचा काठसुद्धा त्या पाण्यात बुडवून पिळला. बाईनं विचारलं, तेव्हा म्हणाले, "घर चांगलं हाय. बाग आजारी हाय. वरच्या कोपऱ्यात डिंक बघितला म्या."

"मग सांगितलं का त्यास्नी?"

"सांगितलं. हसले. म्हनले, बागेत येवढं तेवढं चालायचंच."

बाई म्हणाली, "पोरगी घरात नांदायची हाय, बागेत नाय." लग्न झालं, आणि आक्का खरोखर सुखात नांदली. माहेरी आली की कुणी न सांगता चपला काढून हौदात उभी राहायची. निळ्या पाण्याला नाक मुरडणारी ती, आता मात्र पदर खोचून बराच वेळ घालवायची. ती कुठून आली आहे हे तिला कळत होतं.

मग तिला दिवस गेले. पहिलटकरीण, दोन्ही घरचं पहिलं नातवंड. सासूनं कौतुकानं विचारलं, काय हवंसं वाटतं, आणि आक्का म्हणाली, माहेरच्या बागेत, मोसंबीच्या फुलाखाली बसून जेवावंसं वाटतं. आमच्याकडे डोहाळजेवण बागेत करायची रीत आहेच. झाडाला झोपाळा बांधायचा, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी भरायची, आणि गरोदर बाईच्या मनातलं तिच्या ताटात वाढायचं. तिचं मन मोडलं तर पोराचे कान फुटतात म्हणतात. आक्काला सातवा लागेल तेव्हा बाग बहरात असणार होती. सासरहून निरोप आला की आम्ही सगळे येतो, मांडवाचं आमच्याकडं, जेवणाचं तुमच्याकडं.

बरेच दिवस जेवताना अण्णांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहायचा. एकदा म्हणाले, "घरी अंगनात करू. मी बागंतून फुलं आनतो." बाई कडाडली, "गावानं आपल्याला वाळीत टाकल्यावानी केलं, म्या बोलले नाय. आता पोरीच्या सासरच्यांना फाटकातून माघारी धाडता? तिनं काय सोनं मागितलं का? झाडाखाली बसून जेवू द्या म्हनली." अण्णा म्हणाले, "त्यांच्या पायावर त्यांची बाग हाय." आणि मग बाईलाच ती युक्ती सुचली. पाहुण्यांचे पाय धुणं हा आपल्याकडं मान असतो. हौदावर फळ्या टाकायच्या, फाटकात पाट मांडायचा, पितळेची परात ठेवायची, तीत मोरचुदाचं पाणी, वरून गुलाबाच्या पाकळ्या, आणि अण्णांनी स्वतः गुडघ्यावर बसून एकेका पाहुण्याचे पाय धुवायचे. हौदात उभं राहा म्हटलं तर अपमान, परातीत धुतले तर मानपान. अण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "हिकमत केलीस," म्हणाले. बाईचं असं तोंडावर कौतुक त्यांनी केलेलं मी तेवढंच ऐकलं.

तो दिवस फार सुंदर उगवला. मला तो आठवायला आवडत नाही, तरी सुंदर होता हे खोटं कसं लिहू? फुलांचा वास फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत येत होता आणि मधमाश्यांचा आवाज इंजिनासारखा एकसुरी चालला होता. बाईनं पहाटेपासून पुरण शिजवलं होतं, येसराची आमटी, कुरडया, भज्यांचे घाणे. सासरच्या बैलगाड्या फाटकाबाहेर थांबल्या. आक्काचे सासरे उतरले, पाट आणि परात बघून हरखले. "इवाई, येवढा मान आजपोत्तर कुनी केला नाय बगा!" म्हणाले. अण्णा एकेकाचे पाय परातीत घेऊन बोटांच्या बेचक्यांतून, टाचांच्या भेगांतून अंगठा फिरवत धूत होते, मी तांब्यानं पाणी ओतत होते. बायकांना संकोच वाटत होता, पण लाजत लाजत त्याही पाय पुढं करत होत्या. गडीमाणसांचे पायही अण्णांनी तसेच धुतले, हात आखडता घेतला नाही. त्या गड्यांना रडू यायचं बाकी होतं. मागाहून आक्काच्या चुलतसासवांची एक गाडी आली, म्हणून अण्णा पुन्हा पाटाशी बसले आणि मी नवं पाणी आणायला गेले.

तेवढ्या वेळात पाय धुतलेल्या दोघा गड्यांनी पहिल्या गाडीतून मांडवाचं सामान आत नेलं. झोपाळ्याची फळी, दोर, आंब्याचे डहाळे, आणि केळीचे चार खुंट. शुभकार्याला चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट लागतातच. त्यांनी ते आणले होते त्यांच्याच मोसंबीच्या बागेतल्या आंतरपिकातून, आणि वाटेत सुकू नयेत म्हणून गड्ड्यासकट, मुळ्यांना धरलेल्या काळ्या मातीसकट, ओल्या पोत्यात गुंडाळून. झोपाळ्याच्या चारी बाजूंना खड्डे खणून ते उभे लावले आणि वर हंडाभर पाणी ओतलं. पाय सगळ्यांचे धुतले होते. केळीचे पाय धुवायचे कुणाच्या मनातही आलं नाही. ज्यात लक्ष्मी आहे, जे देवासमोर उभं करायचं, त्याच्यापासून काही अपाय होईल हे आमच्या माणसांच्या डोक्यात शिरतच नाही. मला त्या गड्यांचा राग येत नाही. मला त्या समजुतीचा राग येतो, अजूनही येतो.

अण्णा हात पुसत झोपाळ्याशी आले तेव्हा आक्का हिरव्या साडीत, मोगऱ्याच्या वेण्या घालून बसली होती, बायका गाणी म्हणत होत्या, विहीणबाई ओटी भरत होत्या. अण्णांनी आक्काकडे बघितलं, मग केळीकडे, मग केळीच्या बुडाशी पडलेल्या पोत्याकडे. पोत्यावर चिखल होता. मी त्यांच्या शेजारीच होते. ते पुढं सरकले आणि त्यांनी एका खुंटाला हात घातला. बाईनं समोरून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ओटीत नारळ पडत असताना गरोदर मुलीभोवतीची केळ उपटणारा बाप कुणी कधी पाहिला आहे का? त्यांनी हात मागं घेतला. व्याह्यांना वाटलं, इवाई केळीला नमस्कार करतायत. जेवताना अण्णांनी सगळ्यांना आग्रह करून वाढलं आणि स्वतः पानावर बसून उठले.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "हे खुंट हितंच राहू द्या बरं का. ह्याला कोंब फुटला की समजायचं, आमच्या घरी नातू." गाड्या वळणाआड गेल्या न गेल्या तोच अण्णा कुदळ घेऊन आले. बाई केळीसमोर उभी राहिली. "बाळंत होईस्तोवर नाय. अवघडलेली पोर हाय. तिला काय झालं तर?"

"बाग जाईल, ऐक माझं."

"बाग गेली तर दुसरी लावाल. पोर दुसरी कुठून आनाल?"

अण्णांनी कुदळ खाली टाकली. त्यांनी त्या जागेभोवती चर खणला, चरात मोरचूद ओतला, त्या भागाचं पाणी तोडलं. पण पाणी तोडलं तर केळ वाळणार, आणि केळ वाळली तर अपशकुन. म्हणून बाई रोज डोक्यावर हंडा घेऊन यायची आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत केळीला पाणी घालायची. दोघंही एकमेकांशी बोलायची नाहीत. मी भाकरी घेऊन जायचे आणि दोघांच्या मध्ये बसून एकटीच जेवायचे. बाईवर मी चिडायला हवं होतं, पण आक्काची काळजी मलाही होतीच. त्या दोघांपैकी चूक कोण, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आता या वयातही येत नाही.

केळीला भरभरून कोंब फुटले. आक्काला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बाळंतिणीची बातमी कळली त्या सकाळीच अण्णांनी केळी मुळासकट खणून जाळल्या. पण मधे एक मोठा अवकाळी पाऊस होऊन गेला होता. चर भरून वाहिला होता आणि पाणी झाडांच्या ओळींतून मनाला येईल तसं फिरलं होतं. पुढच्या हंगामात झोपाळ्याच्या झाडाच्या बुंध्यावर मधासारखा एक थेंब दिसला. अण्णांनी तो बोटावर घेतला, बराच वेळ बघितला आणि मातीला पुसला. त्यांनी साल खरवडली, मोरचूद आणि चुन्याचा लेप दिला, मुळ्या उघड्या करून वाळवल्या. एक झाड आवरलं की पुढच्याला डिंक यायचा. मामाची बाग गेली तशीच ही चालली होती, फक्त या वेळी अण्णा आधीच बोट दाखवून सांगू शकत होते की आता कोणतं झाड.

झाडं अजून अर्धी हिरवी असतानाच एक दिवस त्यांनी ओढ्याच्या बाजूला उभं राहून खाली बघितलं. खाली किसनतात्यांची बाग होती, फळांनी लगडलेली. आमच्या बागेतलं पावसाचं सगळं पाणी तिकडे उतरायचं. घरी येऊन ते म्हणाले, "पावसाच्या आत सगळी काढायची." बाई म्हणाली, "जी चांगली हायेत ती तर ठेवा. दोन वर्सं तरी फळ देतील." अण्णा म्हणाले, "पानी त्याच्याकडं जातं." त्यांनी फळं असलेली झाडंसुद्धा पाडली. ओलं लाकूड आठवडाभर धुमसत होतं, घरातल्या गोधड्यांनासुद्धा तो वास लागला होता. ओढ्याच्या कडेनं त्यांनी एकट्यानं मातीचा बांध घातला. किसनतात्या एकदा बांधापर्यंत आले, उभे राहिले आणि माघारी गेले.

आक्का लेकीला घेऊन माहेरी आली तेव्हा बाईनं तिला सांगायचं ठरवून ठेवलं होतं, विहिरीचं पाणी आटलं म्हणून बाग काढली. तसंच सांगितलं. आक्काला तरी बाग बघायची होती. आम्ही गेलो. फाटक तसंच, हौद तसाच, निळं पाणीही तसंच. सवयीनं तिनं पाय बुडवले आणि आत आली. जिथं झाडं होती तिथं काळे खड्डे होते. पलीकडे ज्वारीच्या तुकड्याला पाणी चाललं होतं आणि विहिरीवरचं इंजिन टुकटुक करत होतं. आक्का त्या आवाजाकडे बघत राहिली. मग झोपाळा होता त्या जागी गेली. तिथं केळीचे चार खड्डे वेगळे दिसत होते, कारण त्यांत अण्णांनी चुना भरला होता.

निघताना फाटकात अण्णा उभे होते. म्हणाले, "पाय बुडव."

"येताना बुडवले की."

"आता जाताना बुडवायचे."

आक्का थांबली. कडेवरची पोर पेंगुळली होती. "अण्णा, माझ्यामुळं झालं का हे?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते गुडघ्यावर बसले, तिचा एक पाय हातात घेतला आणि त्या दिवशी पाहुण्यांचे धुतले तसे बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवत धुवायला लागले. म्हणाले, "वाटंत किसनतात्याची बाग लागती, पोरी."

दुसरा पाय धुऊन झाल्यावर आक्का वाकली आणि तिनं कडेवरच्या पोरीचे पायही त्या पाण्यात बुडवले. "अगं, तिचे कशाला? तिनं कुठं पाऊल टाकलं खाली?" बाई म्हणाली. आक्कानं ऐकलं नाही. पोर थंड पाण्यानं दचकून रडायला लागली, तरी तिनं ते इवलेसे पाय नीट चोळून धुतले, पदरानं पुसले, आणि फाटकाबाहेर पडली. पुढंही ती माहेरपणाला नेहमी यायची, घरी हसायची, बोलायची, बाईच्या हातचं आवडीनं जेवायची. पण त्या फाटकाच्या आत तिनं पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही.